शरीफाबाईंची खुर्ची

आभार मानण्यात आमच्या शेजारच्या मास्तरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. चार दिवसांनी नळाला पाणी आलं की हे आधी नळाला हात जोडणार, मग बादली लावणार. तोवर निम्मं पाणी मोरीत. एकदा रिक्षावाल्याचे आभार मानता मानता छत्री रिक्षात राहिली. ती परत आणून दिली म्हणून त्याचे पुन्हा आभार मानले, तर या खेपेला चष्मा गेला! असला हा माणूस मालदीवच्या एका बेटावर बरीच वर्षं इंग्रजी शिकवून आला, तो मात्र कुणाचा निरोपही न घेता. आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि हे पहाटेच्या बोटीनं निघाले.

"बाकीच्यांचं जाऊ द्या वहिनी," म्हणायचे, "पण शरीफाबाईंना न सांगता आलो." शरीफाबाई त्याच शाळेत गणित शिकवायच्या. मास्तर पडले लिंगायत, माशाच्या नुसत्या वासानं कासावीस होणारे, आणि बेटावर तर माशाशिवाय चूल पेटत नाही. बाईंनी यांच्यासाठी घरात वेगळं पातेलं ठेवलं होतं आणि रोज त्यात रांधून डबा आणायच्या. फोनवर आभार मानून टाका, असं मी म्हटलं तर मास्तर दुखावले. "एवढं मीठ खाल्लं, ते फोनवर फिटतंय व्हय? समोर बसवून सत्कार केला पाहिजे की!"

म्हणून एका भर दुपारी त्यांनी गच्चीवर निरोपसमारंभच मांडला. रांगेनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर सोलापुरी चादर, समोर ताटलीत भाकरी आणि शेंगाचटणी. श्रोता मी एकटी. मास्तर एकेका सहकाऱ्याचं नाव घेऊन "या, बसा" म्हणू लागले आणि मी ताडकन उठले. सर्वपित्री अमावास्या होती हो! त्यांच्या घरात पितृपंधरवडा पाळत नाहीत, त्यांना काय कळणार? पण त्या दिवशी नाव घेऊन जेवायला बोलवायचं ते गेलेल्या माणसांना. "अहो मास्तर, जित्या माणसांना कसलं बोलावताय!" मी ओरडले, पण त्यांनी डोळे मिटून भाषण सुरू केलं होतं.

तेवढ्यात कावळा आला. माझ्या सासऱ्यांच्या नावानं ठेवलेलं पान आमच्या गच्चीवर सकाळपासून वाळत होतं, तिकडं मेल्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. इथं सरळ शरीफाबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर बसला. ना काव, ना फडफड. मान कलती करून अख्खं भाषण ऐकलं. मग खाली उतरून नेमका त्यांच्याच ताटलीतला तुकडा चोचीत धरला. मास्तरांनी डोळे उघडले. "हाट्! शरीफाबाईंचं हाय ते!" म्हणत त्यांनी रुमाल उडवला. तो गेला.

संध्याकाळी बेटावरून हेडमास्तरांचा फोन आला. शरीफाबाई त्याच दिवशी पहाटे झोपेतच गेल्या होत्या. बाकी सगळे सुखरूप होते.

मास्तर आमच्या दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, तुमच्यात कावळा शिवला म्हंजे काय समजतात?"

मी सांगितलं. काय लपवायचं होतं? गेलेलं माणूस येऊन जेवून जातं, असं समजतात.

मास्तर मटकन पायरीवर बसले. "ती आली, गप बसून सगळं ऐकलं. आणि मी तिला रुमाल मारून हुसकावलं की हो, वहिनी!"

मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "तुकडा घेऊन गेल्या ना, मास्तर. उपाशी नाही गेल्या."