काकूंनी मागवलेल्या काळ्या साड्या

शशिकलाकाकूंना कोणी फसवू शकत नाही, असं झाशीतल्या आमच्या मराठी मंडळात लहानथोर सगळे धरून चालत. चौतीस वर्षं टपाल खात्यात खिडकीवर बसलेली बाई. नोट उजेडात धरल्याशिवाय गल्ल्यात टाकायची नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच नजर मोबाइलकडे वळवली. मंडळात कुणाला ऑनलाइन काही घ्यायचं असलं की आधी काकूंना फोन. काकू वेबसाइटचं नाव अक्षर न् अक्षर वाचत, मग बजावत, "माल हातात, मगच पैसा. आणि मोबाइलवर आलेला आकडा जन्मदात्या आईलासुद्धा सांगायचा नाही."

सीपरी बाजारातल्या त्यांच्या घरी एकदा कुकर आला, तेव्हा पार्सलवाल्याला त्यांनी पायरीवर बसवून ठेवलं. खोका उघडला, झाकण लावून पाहिलं, शिट्टी काढून फुंकली. तो बिचारा "अम्माजी, और भी जगह जाना है" म्हणून काकुळतीला आला. मी हसून हसून बेजार.

मी नवऱ्याच्या बदलीमुळे पंधरा वर्षांपूर्वी इथे आले. काकूंचं तसं नाही. त्यांचे पूर्वज सहा-सात पिढ्यांपूर्वी वाईहून इथे पौरोहित्याला आले आणि इथलेच झाले. वाई काकूंनी जन्मात पाहिली नव्हती, पण "आम्ही वाईचे" हे त्या अशा सांगत, जणू कालच सामान उतरवलंय. मुलगा सुमेध आणि सून घरात हिंदीच बोलतात. सुमेधला मराठी कळते, बोलायला मात्र जीभ वळत नाही. त्यामुळे मराठी बोलणारं माणूस भेटलं की काकू गॅसवरचं दूध विसरत.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी काळी साडी नेसायची असं ठरलं. ठरवणं सोपं, पण झाशीत काळी साडी मागायची म्हणजे दिव्यच. बड्या बाजारात आम्ही तीन दुकानं पालथी घातली. एक दुकानदार तर माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "बहनजी, त्योहार में काला कौन पहनता है?" संक्रांतीला काळं नेसतात हे त्याला काय समजावणार, कपाळ?

मग काकूंना फेसबुकवर एक पान सापडलं. काळ्या चंद्रकळा, जरीचे काठ, थेट पुण्याहून. काकूंनी चौकशी केली आणि तिकडून लगेच फोन आला.

"नमस्कार काकू, मी शिल्पा. अगंबाई, झाशीला आपली माणसं आहेत?"

मी तेव्हा काकूंच्या समोरच बसले होते, फोन स्पीकरवर होता. पाऊण तास बोलणं चाललं. भोगीच्या भाजीत काय काय घालायचं, बाजरीच्या भाकरीला तीळ कधी लावायचे. काकूंनी वाईचं नाव काढलं मात्र, पोरगी म्हणाली, "अय्या, माझं आजोळ वाईचंच!" काकूंचे डोळे भरून आले. मला ते पाहून बरं वाटलं, हे कबूल करते. शेवटी ती जरा ओशाळून म्हणाली, "काकू, विणकरांना आगाऊ द्यावे लागतात हो. तुम्ही घरच्या, म्हणून मोकळेपणानं सांगते."

हिंदीत बोलणाऱ्या विक्रेत्याला "भैया, हमें नहीं चाहिए" म्हणून दोन वाक्यांत वाटेला लावणाऱ्या काकू! त्यांनी चौदाजणींचे पैसे गोळा केले आणि सगळे पाठवले. मी म्हटलं, "काकू, माल हातात आल्यावर द्यायचे ना?" तर माझ्यावरच डाफरल्या, "आपल्या माणसांशीही तसंच वागायचं का, ऋचा?" खरं सांगायचं तर मलाही तिचं बोलणं गोड लागलं होतं.

आठ दिवसांनी शिल्पाचा पुन्हा फोन आला. पार्सल वाटेत अडकलंय, काकूंच्या मोबाइलवर एक आकडा येईल, तो सांगितला की सुटेल. काकूंनी सांगितला. खात्यातलं पेन्शन गेलं, आणि शिल्पाचा फोन त्या दिवसापासून बंद.

मला कळलं तेव्हा मी ओरडलेच, "आत्ताच्या आत्ता तक्रार करा, वेळ घालवू नका!" काकू मान हलवत राहिल्या. "पोरगी कसल्या तरी अडचणीत असेल गं. वाईच्या मुली असं करत नाहीत." असे दोन दिवस गेले. पहिल्या तासात जे पैसे कदाचित अडवता आले असते, ते त्या दोन दिवसांत कुठल्या कुठे गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना ओढतच पोलिसांकडे नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "भाषा कौन सी बोल रही थी?" काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "हमारी."

त्या शिल्पाचा मला संताप येतो. पण तिची तर गोष्टच सोडा, ती चोर होती. मंडळाच्या बैठकीत आम्ही काय केलं ते ऐका. काकूंनी सगळ्यांसमोर हात जोडले, एकेकीचे पैसे फेडीन म्हणाल्या. तेव्हा चौदाजणींतली कमल पदराआडून पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "चौदा साड्यांमागं यांनाही काही सुटणार असेल. नाहीतर एवढ्या हुशार बाईनं आगाऊ पैसे दिले असते?" काकूंनी वर पाहिलं ते थेट माझ्याकडे. शिल्पाच्या दोन्ही फोनवर काय बोलणं झालं ते मला माहीत, काकूंनी दमडी घेतली नाही हे मला माहीत. मी उठून एक वाक्य बोलले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण मीही गोड आवाजाला भुललेय हे चारचौघींत कबूल करायची मला लाज वाटली. मी हातातल्या बशीतला चिवडा निवडत बसले.

हळदीकुंकवाला काकू आल्या नाहीत. आम्हीही ज्या मिळाल्या त्या साड्या नेसून गेलो. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. वाटेत रिक्षात माफीची वाक्यं जुळवत होते, ती दारातच विस्कटली. मी वाकून नमस्कार केला, डबा पुढे केला आणि कशीबशी म्हणाले, "काकू, तिळगूळ घ्या, गोड बोला."

त्यांनी डबा घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. पायरीवर पार्सलवाला आला की असतो, तसा सावध, नीटनेटका चेहरा होता.

"आइए, ऋचा जी," त्या म्हणाल्या. "चाय पिएँगी आप?"