साडूंच्या गाडीतली हिरवी बटनं

माझ्या मोठ्या साडूंनी आयुष्यात एकदाही हार मानलेली नाही. हरले अनेकदा, पण मानलेली नाही. एकदा नागपुरात रामदासपेठेतल्या एका कार्यालयात आमच्या लांबच्या भाचीचं लग्न होतं. नवरा-नवरीच्या डोक्यावरची एक ट्यूबलाइट लुकलुकत होती. हॉल माणसांनी गच्च भरलेला, पण ती लुकलुक टोचली फक्त साडूंना. त्यांनी कार्यालयाच्या माणसाला सांगितलं, तो ‘हो साहेब’ म्हणून जेवायला निघून गेला. मग सफारी घातलेले आमचे साडू आहेराच्या टेबलावर चढले, त्यांनी ट्यूब डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, आणि नवरा-नवरीसकट अर्धा हॉल अंधारात गेला. व्हिडिओवाला ओरडला, भटजी मंगलाष्टकाची ओळ विसरले, पंगतीतले लोक हातात पोळी घेऊन उठून उभे राहिले. साडू मात्र टेबलावरून सावकाश उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "लुकलुक तं बंद झाली ना आता?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि आता प्रताप नगरात राहून घरातल्या वस्तूंना शिस्त लावतात. वस्तू बिघडली म्हणून बदलायची हे त्यांना पटत नाही. बिघाड म्हणजे त्यांना आपल्यासमोर केलेला उद्धटपणा वाटतो. त्यांच्याकडे मिक्सरला कुकरची शिट्टी बसवलेली आहे आणि टीव्हीच्या रिमोटला पायजम्याची नाडी. पाहुण्याने पंखा लावण्याआधी विचारून घ्यावं लागतं, कारण पंख्याच्या बटनाने दारावरची बेल वाजते, आणि बेलच्या बटनाने काय होतं ते साडूंनाही आता नक्की आठवत नाही. माझी बायको म्हणते, ताईने नवरा केलाच नाही, वर्कशॉप केलं. ताई हे ऐकून हसतात, पण नाही म्हणत नाहीत.

या माणसाची एक जुनी गाडी आहे. दर रविवारी साडू, ताई, माझी बायको आणि मी असे चौघं त्या गाडीतून काटोलला जातो. तिथे आमच्या सासूबाई राहतात. ऐंशीच्या पुढच्या आहेत, आणि काटोल सोडून कुठे येणार नाही म्हणतात. दुपारी त्या झोपतात, उठल्यावर चहा होतो आणि मग खऱ्या गप्पांना बसतात. आम्ही उजेडात निघालो तर भेट झाली असं त्या धरतच नाहीत. त्यामुळे परतताना अंधार ठरलेला. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या बटनांमागचे दिवे एकेक करत कधीच गेलेले होते. एसीचं बटन कुठलं, मागच्या काचेचं कुठलं, बाहेरची धूळ आत येऊ न देण्याचं कुठलं, काही दिसायचं नाही. पण साडूंना कधी अडलं नाही. ताटात न पाहता चटणीकडे बोट जावं तसा त्यांचा हात बरोबर त्या बटनावर जायचा. मला गाडी चालवता येत नाही, मी जन्माचा स्कूटरवाला. त्यामुळे मागे बसून ते कौतुकाने पाहायचो.

मग मागच्या वर्षी त्यांना संध्याकाळचं नीट दिसेनासं झालं. अर्थात हे त्यांनी सांगितलं नाही. रस्त्यात बसलेली म्हैस अगदी जवळ आल्यावर दिसली, तेव्हा ताईंनी सांगितलं. आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथेही साडू पास व्हायच्या तयारीनेच गेले होते. आपला नंबर यायची वाट पाहत ते मुद्दाम दाराजवळ बसले, आतला पेशंट अक्षरांचा तक्ता वाचत होता तो ऐकून पाठ केला, आणि आत जाऊन खुर्चीवर बसल्याबरोबर वरपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, मी अजून तक्ता लावलाच नाही."

नंतर डॉक्टर जे बोलले त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. डोळ्याची नस सुकत चालली होती. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधाने सांभाळायची होती. दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. त्याच आठवड्यात साडूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. गाडी विकून टाका, मी गिऱ्हाईक पाहिलं आहे, मेअखेर सुट्टीत येऊन सगळं उरकतो, काटोलला जायचं तेव्हा टॅक्सी करा. मुलगा चांगला आहे, काळजीनेच बोलत होता. पण साडूंचा चेहरा असा झाला की जणू त्यांनाच कुणी विकायला काढलं आहे. गाडी गेली असती तर आमचे रविवार गेले असते हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. टॅक्सीवाला सासूबाईंच्या गप्पा संपेपर्यंत थांबणार नव्हता. फोन ठेवून साडू ताईंकडे वळले आणि म्हणाले, "तू शिक वं गाडी."

साठी ओलांडलेल्या ताईंनी खरंच क्लास लावला. शिकवणारा त्यांना आजी म्हणायचा आणि त्या त्याला हॉर्न कमी वाजव म्हणायच्या. परवाना मिळाला, भाजीबाजार झाला, दिवसाउजेडी काटोलला जाणंही झालं. गाडं अडलं ते पहिल्याच संध्याकाळी. पुढच्या ट्रकचा धूर आत यायला लागला म्हणून ताई बाहेरची हवा बंद करायला गेल्या आणि अंधारात बोट पडलं धोक्याच्या दिव्यांच्या बटनावर. चारही इंडिकेटर उघडझाप करू लागले. मागच्या गाड्या थांबल्या, एक ट्रॅक्टरवाला खाली उतरून "काय झालं गा, कोणाले लागलं का?" विचारत आला. ताईंनी गाडी कडेला घेतली, घोटभर पाणी प्यायल्या आणि मग बैलगाडीच्या चालीने आम्हाला घरी आणलं. दारात उतरून त्यांनी निकाल दिला, "मले जे दिसत नाही ते मी दाबणार नाही. पोराले येऊ द्या महिनाअखेर. तोवर बटनं दिसली तं ठीक, नाही तं विका गाडी."

ताई बोलतात कमी आणि बोललेलं फिरवत नाहीत, त्यामुळे साडू दुसऱ्या दिवशी सकाळीच मला घेऊन गॅरेजला गेले. मेकॅनिक म्हणाला, हे बल्ब सुटे येत नाहीत, पूर्ण पॅनल बदलावं लागतं, आणि ह्या गाडीचं पॅनल आता बनतच नाही. वर त्याने सल्ला दिला, "काका, बटनांले रेडियमचे स्टिकर लावून टाका ना."

"बल्ब गेला तं बल्ब बदलवतेत," साडू म्हणाले. "बटनांले टिकल्या लावायले माही गाडी काय नवरी आहे?"

तिथून आम्ही सीताबर्डीच्या एका गल्लीत गेलो. तिथल्या दुकानदाराने डब्यातून तांदळाच्या दाण्याएवढे एलईडी काढून दिले. साडूंनी एक चिमटीत धरला आणि डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "तू पाह्य. ह्याले दोन पाय आहेत ना?" मी हो म्हणालो, आणि तेव्हापासून माझी नेमणूक झाली. हात त्यांचे, डोळे माझे.

पॅनल काढायला ताईंचं उलथनं लागलं. प्लॅस्टिकवर ओरखडा नको म्हणून त्याला फडकं गुंडाळलं होतं. त्या दिवशी पोळ्या चमच्याने उलटल्या गेल्या. जेवणाच्या टेबलावर पॅनल उघडून ठेवलं तेव्हा जुने बल्ब दिसले. प्रत्येकाच्या डोक्यावर हिरव्या रबराची इवलीशी टोपी होती. उजेड हिरवा पडायचा तो त्या टोप्यांमुळे. साडूंनी त्या टोप्या एकेक करून काढल्या, कोमट पाण्याने धुतल्या आणि नव्या एलईडीला घातल्या. एक घरंगळून फ्रीजखाली गेली, तर आम्ही दोघांनी फ्रीज सरकवला. दुसरी त्यांना सापडेना. ती त्यांच्याच अंगठ्याला चिकटली होती.

आता दिवे लागतात की नाही ते पाहायचं. मे महिना, दुपारची वेळ, नागपूरचं ऊन. अंगणातल्या गाडीत दिव्याचा उजेड दिसणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "भाऊजी, संध्याकाळ होऊ द्या."

"संध्याकाळी मले काय दिसन? आताच पाहू."

त्यांनी घरातल्या दुलया, सतरंज्या आणि पलंगावरची चादर आणून गाडीवर टाकल्या, फटी दगडांनी दाबल्या आणि मला आत बसवून स्वतःही पॅनल घेऊन शिरले आणि दार लावलं. हवा हवी म्हणून मागच्या खिडकीला कूलरचं तोंड लावलं होतं, पण तोही त्यांनीच दुरुस्त केलेला असल्यामुळे कूलरमधून फक्त भुर्र आवाज येत होता. आत भट्टी पेटली होती. माझ्या हनुवटीवरून घाम गळत होता आणि साडू उघड्या तारा जोडत होते. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी अंगणातलं ते गाठोडं हलताना पाहिलं आणि ताईंना हाक मारली. ताई येऊन दुलईवर थापा मारू लागल्या.

"अहो, जिवंत आहा का दोघं?"

"अंधार करून राहिलो!" साडू आतून ओरडले.

"काहून?"

"उजेडात दिसत नाही म्हणून!"

"बाप्पा, भैताड झाले दोघंही," असं ताई शेजारणीला म्हणाल्याचं आम्ही दोघांनी स्पष्ट ऐकलं.

साडूंनी चावी फिरवून दिवे लावले. काही बटनं फिकट हिरवी उजळली, काही नाही. "किती लागले?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"खरं सांग."

"तीनच आहेत, भाऊजी."

त्यांनी वाकून नाक पॅनलला टेकवलं. मग म्हणाले, "मले एकच दिसून राहिला."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं या माणसाच्या खटपटींना मी हसत आलो, पण त्या क्षणी त्यांच्यासाठी काहीही करायला मी तयार होतो. साडूंनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दुकानदारानं कमी पॉवरचे दिले. उद्या जास्तीचे आणू."

दुसऱ्या दिवशी जास्तीचे आणले. पुन्हा दुलया, पुन्हा भट्टी, आणि पुन्हा निम्मे लागेनात. साडू दुकानदारावर भडकले, मग पॅनलवर, मग माझ्यावर. त्या रागाच्या भरात एक एलईडी उपटून त्यांनी माझ्या मांडीवर टाकला. मी तो पुसून परत दिला, त्यांनी तो दाणकन बसवला, आणि तो लागला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. हे दाणे एकाच बाजूने लागतात, उलटे बसवले तर मेल्यासारखे पडून राहतात, ही गोष्ट अशी आम्हाला रागाने शिकवली. मग साडूंनी न लागलेला प्रत्येक दाणा काढून उलटा बसवला, आणि सगळी ओळ लखलखीत हिरवी झाली. त्यांनी एकेका बटनावर बोट ठेवून मला विचारलं, "हा? आणि हा?" सगळे लागले आहेत असं माझ्याकडून तीनदा वदवून घेतल्यावरच दार उघडलं. बाहेरचं बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीचं ऊन आम्हाला थंडगार वाटलं.

त्याच रविवारी आम्ही काटोलला गेलो. ताईंनी सासूबाईंना पोटभर बोलू दिलं. चहा झाला, अंगणातला उजेड गेला, सासूबाईंनी पिशवीत भाजी कोंबली. गाडीत बसून ताईंनी दिवे लावले. बटनांची ओळ उजळली. त्यांनी एकेका बटनावरून बोट फिरवलं, पुटपुटत त्यांची नावं घेतली, आणि मग पर्समधून फोन काढून मुलाला लावला. "त्या गिऱ्हाइकाले नाही म्हणून सांग. गाडी लागते आपल्याले." तिकडून तो काहीतरी बोलत राहिला, पण ताईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि गाडी सुरू केली.

जन्मभर स्टिअरिंगमागे बसलेले साडू डाव्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. ताई छान चालवत होत्या. समोरून ट्रक आला की वेग कमी करत होत्या, गाव आलं की हॉर्न देत होत्या. रस्ता पूर्ण काळोखा झाला तेव्हा मात्र डोळे मिचकावत म्हणाल्या, "हे हिरवं फार भगभग करून राहिलं. डोळ्यात येते माह्या. कमी करू का जरा?" आणि त्यांनी उजेड कमी करायच्या चाकाकडे हात नेला.

"राहू दे वं," साडू म्हणाले. त्यांचा असा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बाहेरचं मले काही दिसत नाही आता. एवढंच दिसून राहिलं."

माझ्या शेजारी माझ्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. ताईंनी हात मागे घेतला, आरसा जरा सरळ केला, आणि डोळे बारीक करून थेट प्रताप नगरापर्यंत तशीच गाडी चालवली.