बसणाऱ्या मुलीचा गणवेश

फार्मसीच्या पहिल्या वर्षात मी दुसऱ्यांदा नापास झाले. त्या उन्हाळ्यात आईनं मला रोज भवानी पेठेत मावशीकडे कामाला पाठवायला सुरुवात केली. मावशीचा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे. माझं काम बटणं लावायचं.

एके दिवशी एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला व्हीलचेअरवरून घेऊन आल्या. शाळेची पॅन्ट तिला मागून खाली सरकायची, पोटाशी गोळा व्हायची.

"मोठा साइज घेतला तरी तेच," बाई म्हणाल्या.

मावशी म्हणाली, "साइज ठरलेलेच असतात की हो. काय करणार?"

मी त्या मुलीकडे बघत होते आणि एकदम चमकले. आपण सगळे कपडे उभ्या माणसासाठी कापतो! ही तर दिवसभर बसलेली असते. मी टेप घेतली आणि ती बसली होती तशीच तिची मापं घेतली.

शाळेत मला एक भूमिती तेवढी मनापासून आवडायची. दुपारभर मी जुन्या वर्तमानपत्रांवर आखत राहिले. मागची बाजू चार बोटं उंच, पुढची उतरती, दोन्ही कडांना वेल्क्रो. जेवायचंही विसरले. पहिली पॅन्ट गुडघ्यात आवळली, दुसरी मागे फुगली. कारखान्यातले कटिंग मास्तर आधी माझ्या आकृत्यांना हसत होते, त्यांनी तिसऱ्या वेळी स्वतःच कात्री उचलली.

तिसरी पॅन्ट शिवून झाल्यावर मुलगी परत आली. "आई, तू बाहेर थांब. मी घालते," म्हणत आतल्या खोलीत गेली. आम्ही सगळे दाराकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं ती चाकं फिरवत बाहेर आली.

"माझी मी घातली! आणि पाठ उघडी पडत न्हाय!"

मावशी ओरडलीच, "आगं, लई भारी की!"

त्याच संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, मला कपडे कापायचे कागदी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवायचा कोर्स करायचाय.

"कॉलेज सोडून शिवणकाम?"

मी कागद पसरले आणि बसल्यावर कंबर कशी बदलते ते सांगत सुटले. वडिलांनी एक कागद उचलून पाहिला. मग म्हणाले, "औषधांबद्दल तू कधी इतकं बोलली नाहीस. घे प्रवेश."

आता मी चिंचोळीच्या एका कारखान्यात पॅटर्न बनवते आणि सुट्टीच्या दिवशी मावशीकडे असे वेगळे कपडे. परवा अक्कलकोटहून एक आजोबा आले. त्यांचा डावा हात चालत नाही, आणि त्यांना एका हातानं घालता येईल असा सदरा हवाय. तीन कागद फाडून झाले. चौथा जमेल असं वाटतंय!