पांढऱ्या पाठीच्या गायी

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. कागद छातीवर पालथे घालून मी आडवी होते, पाच मिनिटं म्हणून. गावोगावच्या पशुवैद्यांसाठीच्या पुस्तिकेतलं एक प्रकरण माझ्याकडे आलंय: अणुबॉम्बची राख अंगावर पडलेल्या गुरांचं काय करायचं? समितीला एका ओळीत उत्तर हवंय, मारून टाका. माझ्या हातून ती ओळ काही उतरत नाही.

पंखा घरघरतोय, मग घरघरत नाही, आणि धर्मापुरीकर सर तोंडी परीक्षेच्या टेबलामागे बसलेले आहेत. सर जाऊन अकरा वर्षं झाली. मला ते माहीत आहे, त्यांनाही.

"झोपायलीस व्हय, नलिनी?" असं म्हणत ते जुना फोटो पुढे सरकवतात. तांबड्या गायी, पाठी पांढऱ्याफटक. "जात सांग."

छळणार हे ठरलेलंच! विद्यार्थिनी असताना मी याच फोटोकडे बघून ठामपणे म्हणाले होते, "संकरित, सर." अमेरिकेतल्या पहिल्या अणुचाचणीची राख पडून त्या गायींच्या पाठी भाजल्या होत्या, आणि तिथे पांढरे केस उगवले होते. सरांनी हा किस्सा माझ्या लग्नाच्या पंगतीतही सांगितला.

"सर, त्यांचं पुढे काय झालं?"

"जगल्या की. व्याल्या. काहींच्या पाठीला नंतर कॅन्सर झाला, तेही लिही. स्फोटाजवळची जनावरं वाचत नाहीत, तेही लिही. पण सरसकट कशाला मारायलीस?"

"मग करू काय?"

"बादली आण."

बादली माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि गायही तिथेच, ओट्याला टेकून.

"हातमोजे, सर?"

"स्वप्नात कसले? पुस्तकात मात्र लिही. आधी तळवे घास."

थंड हात जनावराला लावायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा. मी तळवे घासून गरम करते, पाठीवर ठेवते. गाय अंग सैल सोडते. सर पाणी ओततात, मी चोळते, राखेचे ओघळ मोरीकडे जातात. मला फार फार बरं वाटतंय.

जाग येते तेव्हा चहाची वेळ झालीय. मी समितीची ओळ खोडते आणि लिहिते: "गुरं छपराखाली घ्या. हातमोजे घाला. आधी पाठ धुवा."

पेन ठेवताना दिसतं, तळव्याला एक आखूड पांढरा केस चिकटलाय. ओला. माझे केस लांब, मेंदीने लाल झालेले, आणि घरात साधं मांजरही नाही.

हात धुवायला मी काही उठत नाही.