पोटावरचा हात

शेवटची भेट झाली तेव्हा मामांना न्यूमोनिया झाला होता, धाप थांबत नव्हती. मी हाक मारली तसा त्यांनी डोळे न उघडताच हात लांबवला, माझ्या पोटावर ठेवला आणि विचारलं, "मऊ हाय न्हवं?" मी हो म्हटलं. नर्सला वाटलं, म्हातारा बरळतोय. चौथ्या दिवशी मामा गेले. त्याला आता दीड महिना होईल...

मामा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. सातवीला मी शिरोळहून कोल्हापूरला त्यांच्या घरी राहायला आले. रविवारी मामा मटणाच्या दुकानात गेले की बकऱ्याच्या आतड्याचा एक न धुतलेला तुकडा वेगळा मागून घेत. घरी तो चिरून, धुऊन खिडकीच्या उजेडात धरत. मामी नाकाला पदर लावून स्वयंपाकघरात पळायची. पातळ आतड्यात मधेच एक लांबट, दाणेदार पट्टा दिसायचा. "ही चौकी," मामा म्हणायचे. "आपल्याबी आतड्यात असत्यात. फुप्फुसातबी असली राखण असती. खाल्ल्याल्यातलं थोडं थोडं आत घेऊन तपासायचं, चोर कोण, साव कोण. आत घेतल्याबिगर वळख पटत न्हाय. पण विषमज्वराचा जंतू त्याच दारातनं शिरतो, चौकीतच ठाण मांडतो. मग चौकी सडती, आतडं फुटतं."

हे ऐकायला मजा वाटायची. त्याच वर्षी मला विषमज्वर झाला आणि मजा संपली.

तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला आणि भूक खवळली. डॉक्टरांनी पेजेशिवाय काही द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली होती. एका दुपारी मामी नळावर गेली असताना मी फळीवरचा डबा काढला आणि दोन मुठी भडंग खाल्लं. तिसरी मूठ तोंडाशी नेताना खिडकीतला तो पट्टा आठवला. डबा जागच्या जागी ठेवला आणि पडून राहिले. पोटात जरा गुरगुरलं की वाटायचं, फुटलं. मी भित्रीच, पण तेवढी भीती मला पुन्हा बाळंतपणातही वाटली नाही.

मामा कॉलेजातून आले. मी रडत रडत सांगून टाकलं. वाटलं होतं, पाठीत धपाटा बसेल. ते कॉटच्या कडेला बसले आणि तळहात माझ्या पोटावर ठेवला. इथं तिथं चाचपून पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून चाचपलं. मोठं माणूस घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

"तात्याला मीच दिलती भाकरी," ते म्हणाले. तात्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा असताना गेलेला. "ताप उतरलाता. भूक भूक म्हणून रडत हुता. म्या चोरून दिली. सांजंला पोट दगडागत झालं..."

दुसऱ्या दिवशी मामा कॉलेजला गेलेच नाहीत. दर थोड्या वेळानं तळहात पोटावर यायचा, हलकेच दाबायचा. "मऊ हाय," असं स्वतःलाच सांगून ते उठायचे, दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. डॉक्टर आले, तपासून हसले. म्हणाले, "मास्तर, जखम खोल गेली की आतडं आपोआप फुटतं. भाकरीवर आळ कशाला घेताय?" मामांनी मान डोलवली, पण त्यांना ते पटलं नाही. जन्मभर पटलं नाही. पुढं घरात कुणाला साधं पडसं झालं तरी त्यांचा हात आधी पोटावर जायचा. आम्ही त्यांची टिंगल करायचो. आता त्या टिंगलीची लाज वाटते.

परवापासून माझ्या मुलाला ताप आहे. साधाच आहे म्हणतात. तरी हे लिहिताना माझा डावा हात त्याच्या पोटावर आहे. दगडागत म्हणजे कसं, ते मामांच्या हाताला माहीत होतं. माझ्या हाताला माहीत नाही. ते कधी कळू नये, एवढ्यासाठी मी तो उचलत नाही.