लघाटेबाईंचं कोर्ट

शकुंतला लघाटेंना मुलं ‘ताई जी’ म्हणत. हिंदीत ताई म्हणजे थोरली काकू, मराठीत थोरली बहीण; कुठल्या नात्यानं म्हणता, असं बाईंनी कधी विचारलं नाही. वेळेवर या, नखं कापून या आणि चेंडूला लाथ मारू नका, एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

झाशीच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवून त्या निवृत्त झाल्या. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. सीपरी बाज़ारच्या मागे दक्षिणी मंडळाचा हॉल आहे, आपल्या मराठी लोकांचा. गणपतीचे दिवस सोडले तर त्याच्या मागच्या पटांगणात गाजरगवत माजलेलं असे. बाईंनी ते उपटून काढलं, सिमेंट घालून घेतलं, दोन्ही टोकांना बास्केटबॉलचे खांब आणि रिंग उभ्या केल्या. रोज संध्याकाळी साडेचार ते सहा. सतरा वर्षं.

सुरुवातीची मुलं बरीचशी मराठी होती. मग ती मोठी झाली, नोकरीला लागली, आणि त्यांच्या जागी आली प्रेम नगरची पोरं. ऑटोवाल्यांची, शिंप्यांची, चाटवाल्यांची. बाई त्यांना नुसता खेळ शिकवत नव्हत्या. दहावीचे फॉर्म भरून घेत, दाताच्या डॉक्टरकडे नेत, आणि एखादीला बाप मारतो असं कळलं तर सरळ त्याच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहत.

त्यांतली दिशा पंधरा वर्षांची, उंच आणि हाताची विलक्षण नेमकी. तिचा बाप जयसिंग ऑटो चालवायचा. स्टेडियमवर मुलीला पाठवायला तो तयार नव्हता. तिथं कोण कोण येतं, म्हणे. मंडळाच्या पटांगणाला भिंत होती आणि भिंतीच्या आत ताई जी होत्या, तेवढ्यासाठी हो म्हणाला. “आपके हाथ में है, इसलिए,” असं महिन्यातून एकदा येऊन सांगायचा, जणू बाई विसरतील. फेब्रुवारीत लखनौला क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. तोवर पोरगी खेळती ठेवायची, निवड झाली की बापाशी वाद घालायचा, असं बाईंनी ठरवलं होतं.

आणि नेमकं त्याच पावसाळ्यात मंडळानं पटांगणाचं लॉन करायचं काढलं, लग्नांसाठी. अध्यक्ष सुभाषचंद्र लघाटे, म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे दीर.

“वहिनी, पोरं काय, कुठंही खेळतील. आपल्या लोकांना मात्र लग्नाला दुसऱ्यांच्या दारात जावं लागतं.”

“आपल्या लोकांची लग्नं वर्षाला तीन होतात, भाऊजी. त्यातली दोन पुण्यात.”

“सभेत बोला,” ते म्हणाले.

आता या सभेचं सांगायला हवं. मंडळाच्या सभेत बोलायचं ते मराठीतच. हिंदीत घसरलं की खाली बसायचं, असा नियम आहे. बारा वर्षांपूर्वी तो ठराव मांडला होता शकुंतलाबाईंनी. घरोघरी नातवंडं “आजी, पानी दो ना” म्हणायला लागली होती. निदान वर्षातली एक सकाळ तरी मराठीत जावी, असं त्यांना वाटलं. पहिल्याच वर्षी सख्ख्या भाच्याला त्यांनी भर सभेत खाली बसवलं. तो पुन्हा मंडळात आला नाही.

बाई नियम विसरल्या नव्हत्या. चूक वेगळीच झाली. त्यांच्या हाताखाली खेळलेले अकरा जण आता मंडळाचे सभासद होते. अक्षत बोलेल, त्याच्यामागून आभा आणि ऋता बोलतील, आणि पाच-सहा म्हातारे विरघळतील, असं त्यांनी धरलं. अक्षत बँकेत आहे, काउंटरवर कुणालाही पटवतो. त्याला मराठी कितपत येतं, हे बघायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कोर्टावर सगळ्या मुलांना कळावं म्हणून सतरा वर्षं त्या स्वतःच हिंदीत ओरडत आल्या होत्या.

रविवारी सकाळी सभा भरली. आधी बाई बोलल्या. सुभाषचंद्रांनी एकच विचारलं, “यातली आपली मुलं किती?”

“आपली म्हणजे?”

“तुम्हाला कळतंय, वहिनी.”

“दोन. आणि तुमचे नातू काय करतात संध्याकाळी? पलंगावर लोळत मोबाइल बघतात.”

हे बोलायला नको होतं. म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली, कारण सगळ्यांचेच नातू लोळत होते.

मग अक्षत उठला. “मी... आम्ही इकडे... ताई जी ने हमको...”

“मराठीत, अक्षत,” सुभाषचंद्र म्हणाले.

मागे कुणी तरी फिसकन हसलं. अक्षतनं आणखी एकदा तोंड उघडलं, कानापर्यंत लाल झाला आणि बसला. आभा नि ऋतानं मान वर केलीच नाही. दाराशी जयसिंग उभा होता, बाईंनीच बोलावलेला, इस्त्रीचा शर्ट घालून.

“पाच मिनिटं हिंदीला परवानगी द्या,” बाई म्हणाल्या. “या माणसाचं ऐका.”

सुभाषचंद्रांनी सभांच्या नोंदींची जुनी वही उघडली. पान आधीच शोधून ठेवलेलं होतं. “‘एकदा सवलत दिली की पुढच्या वर्षी सभाच हिंदीत होईल. ज्याला चार वाक्यं जुळवता येत नाहीत, त्यानं घरून शिकून यावं.’ तुमचंच भाषण आहे, वहिनी. नियम बदलायचा तर पुढच्या सभेला ठराव आणा.”

त्यांनी पदरचा एक शब्दही घातला नव्हता. त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या, तेही बाईंना आठवत होतं.

हात वर करून मतं झाली. अकराही जणांनी बाईंसाठी हात वर केले. त्याला भाषा लागत नाही. बाकीचा हॉल लॉनच्या बाजूनं गेला.

बाहेर जयसिंगनं विचारलं, “हमें कब बोलना है, ताई जी?”

“हो गया. कोर्ट नहीं रहेगा.” मग घाईनं, “स्टेडियम मैं ले जाऊँगी दिशा को. रोज़. ख़ुद.”

त्यानं हात जोडले. “आप काहे परेशान होंगी. अब तो लड़की बड़ी भी हो गई है.” इतक्या अदबीनं, की भांडायला जागाच राहिली नाही.

बाई त्यानंतर तीनदा त्याच्या घरी गेल्या. तिन्ही वेळा चहा मिळाला. दिशा आतल्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही.

दिवाळीत सुभाषचंद्र फराळाला आले. “नव्या पिढीसाठी मराठीचा वर्ग काढावा म्हणतो. तुमच्याशिवाय शिकवणार कोण?”

“ज्यांना गप्प बसवलंय, ते येतील का बघा आधी,” बाई म्हणाल्या आणि चिवड्याची बशी उचलून आत घेऊन गेल्या.

फेब्रुवारीत त्या एकट्याच लखनौला गेल्या. दिशाचा अर्ज त्यांनी उन्हाळ्यातच पाठवला होता आणि तो मागे घ्यायचं त्यांच्या हातून झालं नाही. टेबलावरच्या माणसानं तिचं नाव तीनदा पुकारलं.

“नहीं आई,” बाई म्हणाल्या.

“आप कौन?”

बाई टेबलापासून बाजूला झाल्या. त्यानं पुढचं नाव पुकारलं.