एक रकाना जास्त

गळ्यात टेप नसली तर काकू ओळखूच येत नसत. टायरच्या दुकानावरच्या त्या कारखान्यात दवाखान्यांचे गणवेश शिवले जात आणि मापं घ्यायचं काम काकूंचं. माणूस आत आला की त्या आधी त्याच्या खांद्यांकडे बघत, मग तोंडाकडे. "पोट आत ओढू नका हो, घरी गेल्यावर ते बाहेर येणारच आहे," असं म्हणून हसवत आणि तेवढ्यात माप घेऊन मोकळ्या होत.

कोपऱ्यातलं कॉम्प्युटरचं टेबल बारकीचं. तिला नोकरी लागली तीही काकूंच्या शब्दावर. "अगं, तुझ्या मापाचा गणवेश तर उरलेल्या चिंधीतच शिवून होईल," असं काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि तेव्हापासून सगळे तिला बारकी म्हणू लागले. कापड कसं मोजायचं, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, मालक चिडले की कुठे बघायचं, सगळं तिला काकूंनीच शिकवलं.

मापं काकू स्वतः कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये भरत, एका बोटाने, टाचणी टोचावी तशी. शेवटच्या रकान्यात किती कापड लागेल ते आपोआप निघे. काकूंचं बोट चुकून तिकडे जाई, हिशोबाचं सूत्र पुसलं जाई आणि कापड कमी पडे.

"लॉक करून टाक," मालक म्हणाले. "हात लावला की लाल पाटी आली पाहिजे, परवानगी नाही म्हणून."

काकूंच्या डोळ्यांसमोर लाल पाटी! बारकीच्या जिवावर आलं. तिने त्याऐवजी एक छोटा प्रोग्राम लिहिला. सकाळची मापं भरून झाली की तो शीटची प्रत ठेवी आणि तासातासाला राखीव रकाने त्या प्रतीतून पुन्हा होते तसे करी, गुपचूप, कुणालाही न दुखवता. आपल्या हुशारीचं आणि चांगुलपणाचंही तिला कौतुक वाटलं.

पण रकाने निवडताना तिने एक रकाना जास्त घेतला. कापडाच्या शेजारचा, उंचीचा.

काकू सकाळी उंची लिहीत आणि दुपारी गिऱ्हाइकाने कच्चा कपडा अंगावर घालून बघितल्यावर ती बदलत. तासाभरात सकाळचा आकडा परत येई. विजारी आखूड निघू लागल्या.

"मी हे बदललं होतं ना गं?"

"राहिलं असेल काकू," बारकी मान वर न करता म्हणे.

काकू आधी हसल्या. मग त्या प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणून लिहू लागल्या. मग एक दिवस टेप कटिंगवाल्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "तू लिही रे. माझ्या ताईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तिला मीसुद्धा ओळखू येत नव्हते."

त्या दुपारी बारकीने प्रोग्राम उघडून बघितला. राखीव रकान्यांत उंचीचाही होता. चूक तिने तिथल्या तिथे दुरुस्त केली. सांगितलं मात्र नाही. उद्या सांगू म्हणत आठवडा गेला. काकूंनी डबा पुढे केला की ती भूक नाही म्हणे.

महिनाअखेरीस काम सोडते, असं काकूंनी मालकांना सांगितलं, तेव्हा कुठे बारकीने त्यांना जिन्यात गाठलं. सगळं सांगून टाकलं.

काकूंनी तिच्या गालावर हात ठेवला. "मनाची चांगली आहेस गं. पण म्हातारीला बरं वाटावं म्हणून असं खोटं बोलू नये."

बारकीला थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. ती त्यांना हाताला धरून टेबलाशी घेऊन आली. जुनी चूक होती तशी परत घातली. "लिहा काकू. काहीही लिहा." काकूंनी उंचीचा आकडा बदलला. बारकीने प्रोग्राम चालवला. आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत जुना झाला.

"परत दाखव."

तिने परत दाखवलं. मशिनी चालू होत्या, इस्त्रीची वाफ सुटत होती.

"आणि गॅस?" त्यांनी विचारलं. "परवा दूध ठेवून मी शेजारी जाऊन बसले. भांडं जळून कोळसा झालं. तेही तुझंच का?"

बारकीची मान खाली गेली. "नाही काकू."

"म्हणजे ते माझं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आता यातलं माझं किती आणि तुझं किती, हे मी कुणाला विचारू? डॉक्टरांना काय सांगू? घरात सगळ्यांनी माझ्यामागे कुलपं तपासायला सुरुवात केलीय. त्यांना काय सांगू?"

"मी येते तुमच्या घरी. मी सांगते सगळ्यांना."

"येशीलच. तुला सोडते होय मी?" आवाजात नेहमीचा खट्याळपणा यायला बघत होता, पण आला नाही. "आधी तुझं ते यंत्र बंद कर. आणि मालकांची ती लाल पाटी लाव. मला हात लावू द्यायचा नसेल तर तोंडावर सांग."

बारकीने प्रोग्राम काढून टाकला. कापडाच्या रकान्याला कुलूप घातलं, पाटीसकट. उंचीचा रकाना मोकळा ठेवला.

काकूंनी खुर्ची ओढली आणि एका बोटाने उंची लिहिली. आकडा जागचा हलला नाही. तरी हात मांडीवर ठेवून त्या त्याच्याकडे बघत बसल्या आणि बारकीही, त्यांच्या शेजारी.